मनोरीचा होमस्टे: खोलीला साडेतीन स्टार, मिठाचा वाद अजून चालू

आधीच सांगून टाकतो, जागेचं नाव यात मिळणार नाही. होमस्टेवाल्या आंटीने तंबी दिलीय. मागे कोणीतरी तिच्या ओट्याची रील टाकली आणि पुढच्या शनिवारी सतरा पोरं स्पीकर खांद्यावर घेऊन दारात उभी, त्यातल्या एकाने विचारलं स्विमिंग पूल कुठेय, आंटीने विहीर दाखवली. तेव्हापासून नाव कुठे टाकायचं नाही असा नियम. ज्यांना जायचंच आहे त्यांनी मनोरी गावात जाऊन खोल्या देणारी घरं विचारावीत, चारपाच निघतील, त्यातल्या ज्या घरातून सगळ्यात मोठा आवाज येत असेल ते हे.

आम्ही गेलो ते ईस्टरनंतरच्या शनिवार-रविवारी. एप्रिलचा तो आठवडा असा होता की आमच्या वरच्या मजल्यावर टाइल्स बदलायचं काम चालू, सकाळी नऊपासून ड्रिल मशीन, बाहेर उकाडा असा की पंख्याखाली बसून पण बनियन भिजतंय, आणि त्यात माझं आणि मोठ्या भावाचं वडिलांच्या चाळीतल्या खोलीवरून जे चाललंय ते चाललेलंच (चाळ रिडेव्हलपमेंटला गेली की सख्खे भाऊपण बिल्डरच्या वकिलासारखे बोलायला लागतात, तीन महिने आमचं बोलणं फक्त मेसेजवर, तेही "नोटेड" वगैरे). बायको म्हणाली कुठेतरी चल, लोणावळा नको, घाटात गाडीत बसून भांडायचं असेल तर घरीच भांडू. म्हणून मनोरी.

जायला सोपं आहे. मालाड स्टेशनच्या पश्चिमेला २७२ ची बस, शेवटच्या स्टॉपला मार्वे, तिथून जेट्टीवर फेरीबोट. सुट्टे पैसे ठेवा. बोटीत माणसं चढतात, बाइक चढतात, आमच्या वेळी एक जण नवीन कूलर घेऊन चढला होता आणि तो सबंध वेळ कूलरला मिठी मारून उभा होता. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. रस्त्याने जायचं म्हटलं तर भाईंदर, तिथून उत्तन, मग गोराईवरून खाली, म्हणजे डोळ्यासमोर दिसणाऱ्या गावाला जायला उत्तर मुंबईची प्रदक्षिणा. आणि गंमत म्हणजे मनोरी मुंबई महापालिकेतच येतं, पण बोटीतून उतरलं की खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं होतं खरं. ड्रिल ऐकू येत नाही हे पहिलं, बाकी सगळं नंतर.

आंटी आम्हाला न्यायला जेट्टीवर आली नव्हती, पण आवाज आला होता. म्हणजे आम्ही गल्लीच्या तोंडाशी, ती ओट्यावर, आणि तिथूनच "अरे तुमी दहाची बोट बोललेलं ना, मी भात टाकून बसलंय!" माझी बायको नाशिकची. तिने हळूच म्हटलं, नारोशंकराची घंटा. नाशिककरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, मोठ्या आवाजाच्या बाईला तिथे असं म्हणतात, गोदावरीच्या काठावर नारोशंकराच्या देवळात मोठी घंटा आहे त्यावरून. संध्याकाळी बायकोने हे अंकलना (आंटीचे मिस्टर, गोदीतून रिटायर झालेले, दिवसभरात वीस वाक्यं बोलत असतील) न राहवून सांगितलं तर ते म्हणाले, "ती घंटा आमचीच हाय." आणि खरंच की, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या, देवळादेवळात टांगल्या, नाशिकची त्यातलीच. म्हणजे बायकोने लहानपणी उड्या मारून जिला हात लावायचा प्रयत्न केला ती घंटा या किनाऱ्यावरच्या माणसांना मिस्साला (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) बोलवायची. अंकलनी हे काही मनाला लावून घेतलेलं दिसलं नाही. "वाजते ना अजून? मग झालं."

आता रूम. रिव्ह्यू आहे तर रूमबद्दल लिहायला पाहिजे. खोल्या दोनच. आम्हाला मागची मिळाली, एसी फक्त पुढच्या खोलीत आहे आणि ती एका रिटायर्ड जोडप्याने धरून ठेवली होती. पंखा चांगला फिरतो, छत कौलारू आणि उंच त्यामुळे दुपारी त्रास झाला नाही. बाथरूममध्ये बादली-तांब्या, शॉवर आहे पण तो शोभेचा. गादी कडक. डास भरपूर, संध्याकाळी सहा ते आठ दारं बंद नाही केली तर तुमचं रक्त आणि तुमचं नशीब. शनिवारी रात्री वीज गेली ती पाऊण तास आली नाही. वायफाय आहे म्हणाली, पासवर्ड मुलाला माहीत, मुलगा दुबईला. साडेतीन स्टार, त्यातला अर्धा खिडकीबाहेरच्या जांभळाच्या झाडाला.

जेवणाला मात्र पाच, आणि सहा देता येत असते तर सहा.

आंटी-अंकल ईस्ट इंडियन. जे लोक ईस्ट इंडियन म्हटल्यावर "म्हणजे बंगालकडचे का" विचारतात त्यांच्यासाठी थोडक्यात. हे इथलेच. कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, पाचकळशी अशी इथली मूळ माणसं जी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाली, घरात मराठी बोलतात, स्वतःला मोबाईकार पण म्हणवतात, म्हणजे मुंबईकरच. ईस्ट इंडियन हे नाव १८८७ साली त्यांनी स्वतः घेतलं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली ते वर्ष, तेव्हा गोव्या-मंगळूरकडून बरेच ख्रिस्ती मुंबईत नोकरीला यायला लागले होते आणि इंग्रजांच्या ऑफिसात सगळे एकाच रांगेत धरले जायचे, म्हणून आम्ही इथले आणि वेगळे हे सांगायला कंपनी सरकारचं नाव. मूळ मुंबईच्या माणसाला मुंबईत आपण इथलेच आहोत हे सांगायला इंग्रजी नाव घ्यायला लागलं, याच्यावर मी काही बोलत नाही.

तर जेवण. शनिवारी दुपारी कोळंबीचं कालवण, कैरी घातलेलं, आणि हातावर थापलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. कालवणाला रंग असा की बायकोने आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला, आणि तिखट लागेना. हा बाटली मसाला. अंगणात त्याचंच काम चालू होतं, उन्हाळा सुरू झाला की पावसाच्या आत वर्षभराचा मसाला करून ठेवायचा, चटईवर तीन प्रकारच्या मिरच्या वाळत घातलेल्या, काश्मिरी रंगाला, रेशमपट्टी चवीला आणि तिसरी ठसक्याला. त्यात धने, हळद, तीळ, खसखस, गहू, चणाडाळ, दगडफूल, नागकेशर, त्रिफळ, मायपत्री, मी मोजायला घेतलं आणि बावीसला सोडून दिलं, आंटी म्हणते तिच्या सासूचे अठ्ठावीस होते आणि तिच्या जावेचे बत्तीस आहेत पण "तिच्यात चव नाय". सगळं वेगवेगळं भाजायचं, मग उखळात मुसळाने कुटायचं, आणि तपकिरी काचेच्या बीअरच्या बाटल्यांमध्ये काठीने दाबून दाबून भरायचं. बाटली तपकिरी का, तर उजेड लागला की मसाल्याचा रंग उडतो. मी इतकी वर्षं बाटली मसाला म्हणजे काहीतरी ब्रँडचं नाव समजत होतो.

जेवल्यावर मी ओट्यावर आरामखुर्चीत पडलो आणि साडेचारलाच उठलो. उठलो तेव्हा छातीवर पेपर, पायाशी मांजर, तोंडावर खाऱ्या वाऱ्याची चिकट साय, आणि कुठूनतरी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास (१ जूनपासून मासेमारी बंद होते, त्याच्या आत जेवढं वाळवता येईल तेवढं वाळवायची गडबड असते गावात). ताडगोळे सोलून समोर ठेवलेले. हे बिलात नव्हतं. बिलात नसलेल्या गोष्टींची यादी करायला लागलो तर हा रिव्ह्यू वेगळ्याच दिशेला जाईल, आणि खरं तर त्याच दिशेला जाणार आहे.

आमच्या खोलीच्या खिडकीसमोर एक भिंत आहे. साधी, विटांची, अर्धी प्लास्टर केलेली. पलीकडे एक म्हातारी एकटी राहते. आंटी तिचं नाव घेत नाही, भिंतवाली म्हणते. ही भिंत दीड फूट आमच्यात आली असं आंटीचं म्हणणं, भिंतवालीचं म्हणणं की जागा तिच्या सासऱ्याची, आणि यावरून एकोणीस वर्षं कोर्टात केस चालू आहे. एकोणीस. त्यात दोघींचे वकील म्हातारे झाले, एक तर गेला. आंटी तिच्याबद्दल जे शब्द वापरते ते इथे लिहिता येणार नाहीत, शिवाय ते पोर्तुगीज-मराठी मिक्स आहेत, टाइप करायला पण जमणार नाही.

आणि शनिवारी दुपारी बरोब्बर साडेबाराला, आमची पानं मांडायच्या आधी, आंटीने चार पुड्यांचा डबा भरला, कालवण, भात, दोन भाकऱ्या, कापलेला आंबा, आणि भिंतीवर ठेवला. पलीकडून एक कामवाली पोरगी आली, तिने उचलला. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलंय जानेवारीत, तेव्हापासून दोन्ही वेळचा डबा. रोज. पैसे नाहीत. भिंतीवरच ठेवायचा कारण एकमेकींच्या अंगणात पाय ठेवायचा नाही असा जुना हट्ट आहे, कोर्टाचा नाही, दोघींचा.

मला आधी वाटलं की मग भांडण मिटलं असेल. संध्याकाळी विचारलं तसं. आंटी मिरच्यांचे देठ खुडत होती, मान वर न करता म्हणाली, "मिटायला काय? बुधवारी तारीख हाय."

मग हा डबा?

"ती उपाशी ऱ्हाणार का?"

मी म्हटलं म्हणजे मनातून तुम्ही तिला माफ केलंय. यावर ती जे बोलली ते मी रात्री मोबाइलमध्ये लिहून ठेवलं, शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील. "मला ती आवडत नाय. आदी पण नाय आवडायची, केस नव्हती तवा पण. पण येशूने आवडून घ्या कुठे सांगितलंय? प्रीती करा सांगितलंय. आवडणं माज्या हातात नाय. डबा माज्या हातात हाय."

हे ऐकून मी जरा गप्प बसलो, बायकोने मात्र लगेच देठ खुडायला हात घातला, बायकांना अशा वेळी काय करायचं ते बरोबर समजतं.

प्रीती हा शब्द आपल्याकडे म्हणजे भावगीतातला, चांदणं, मोगरा, नजर झुकवणं वगैरे. मराठी बायबलमध्ये मात्र प्रेम फारसं येत नाही, प्रीतीच येते, आणि तिथे ती चांदण्यात फिरत नाही, कामाला जुंपलेली असते. आंटीच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर एक फ्रेम आहे, करिंथकरांना पॉलने लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातलं, "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, प्रीती हेवा करीत नाही, प्रीती बढाई मारीत नाही, फुगत नाही." ख्रिस्ती लग्नात हे हमखास वाचतात, त्यामुळे मला वाटायचं नवराबायकोसाठीच लिहिलंय. अंकलनी (हे त्यांच्या वीसपैकी सहा-सात वाक्यांत) समजावलं की नाही, लग्नाबिग्नाचा संबंध नाही, करिंथ नावाच्या गावातली जी ख्रिस्ती मंडळी होती ती आपापसात भांडायची, मी या गुरूचा तू त्या गुरूचा, श्रीमंत आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी, त्यांना चिडून लिहिलेलं पत्र आहे ते. आणि त्याच पत्रात सहाव्या अध्यायात पॉल त्यांना झापतो की तुम्ही एकमेकांवर कोर्टात केसेस काय टाकता, लाज नाही वाटत.

आतून आवाज आला, "तो अध्याय पलीकडे जाऊन वाचून दाखव!"

मी ख्रिस्ती नाही. आमच्याकडे आजी संध्याकाळी हरिपाठ म्हणायची, त्यापलीकडे माझं धार्मिक शिक्षण शून्य. पण बसल्या बसल्या मला वाटलं की अरे हे आपल्याकडे पण आहे की, पसायदानात ज्ञानेश्वर माऊली खळांचा नाश होवो असं मागत नाहीत, त्यांची व्यंकटी सांडो म्हणतात, वाकडेपणा तेवढा जाऊ दे, माणूस राहू दे. मी मोठ्या उत्साहाने हे आंटीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चांगलं हाय म्हणाली, शाळेत होतं आमाला. मग म्हणाली, "पण ते मागणं झालं. देवाकडे मागायचं आनि झोपायचं. इथे साडेबाराला डबा लागतो." मला वाटतं हे माऊलींवर अन्याय करणारं आहे पण त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. तसं बघितलं तर याच बेटावर पलीकडे गोराईला विपश्यनेचा तो मोठा सोनेरी पॅगोडा आहे, २००९ मध्ये सुरू झाला, आत एकही खांब नाही आणि हजारो माणसं एकदम ध्यानाला बसू शकतात, तिथे ध्यानाच्या शेवटी सगळ्यांचं मंगल होवो अशी मैत्रीची भावना करतात. मी एकदा दहा दिवसांचा कोर्स केलेला आहे (दुसरीकडे). तेव्हा पण सगळ्या जगाचं मंगल चिंतताना काही अडचण आली नव्हती, भावाचं नाव आलं की मात्र मांडी दुखायला लागायची.

ते मी आंटीला सांगितलं. सांगायचं नव्हतं, वीज गेलेली, अंधार, डास, अशा वेळी माणूस काहीही बोलतो. खोलीचं, मेसेजचं, वहिनी काय बोलली ते, सगळं. मी म्हटलं आधी मनातून राग गेला पाहिजे, मग फोन करेन, खोटं खोटं काय करायचं. आंटी म्हणाली मन काय, मन मागून येतं. नाय आलं तरी डबा पोचतो. मग उठून मेणबत्ती आणायला गेली. एवढंच. पुढे काही समजावलं नाही, त्याबद्दल मी आभारी आहे, कारण समजावणारी माणसं घरी भरपूर आहेत.

जेवणाच्या खोलीत त्या फ्रेमच्या बाजूला एक जुनं कॅलेंडर लटकतंय, ते फक्त फोटोसाठी ठेवलंय. पोप फ्रान्सिस एका पोराच्या पायाशी गुडघ्यावर बसलेत, पाय धुऊन त्याचं चुंबन घेतायत. २०१३ चा तो फोटो, पोप झाल्यावर जेमतेम दोन आठवडे झालेले, पवित्र गुरुवारी ते मोठ्या चर्चमध्ये न जाता रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि बारा पोरांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या, मुसलमान पण होते. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि मग सांगितलं की नवी आज्ञा देतो, एकमेकांवर प्रीती करा, त्याची ही आठवण. आज्ञा आधी नाही, पाय आधी. आणि त्या बाराजणांत पुढे पकडून देणारा पण बसला होता, त्याचे पण धुतले. हे अंकलनी सांगितलं आणि त्या दिवसाचा त्यांचा कोटा संपला.

रविवारी सकाळी मिस्साला गेलो. कोणी या म्हटलं नव्हतं, आंटी कॉटनची साडी नेसून निघाली आणि आम्ही मागून. मराठीत मिस्सा मी पहिल्यांदा ऐकली, गाणी पण मराठीत, पंखे फुल्ल, मागच्या बाकावर कोळणी बसल्या होत्या त्यांच्या अबोलीच्या वेण्यांचा वास. ईस्टरनंतरच्या रविवारी दरवर्षी थॉमसची गोष्ट वाचतात असं कळलं. बाकीच्या शिष्यांनी येशू उठला म्हणून सांगितलं, हा म्हणाला मी जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. आठ दिवसांनी येशू आला आणि म्हणाला घाल बोट. मला हा माणूस फार आवडला. स्वतः हात लावून बघितल्याशिवाय फाइव्ह स्टार नाही. म्हणजे आमच्या लाइनचाच. आणि तोच पुढे भारतात आला असं परंपरा सांगते, इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्याला. फादरांनी मात्र वेगळंच पकडलं, ते म्हणाले बघा, उठून आल्यावर पण जखमा तशाच होत्या. त्या भरून काढून, गुळगुळीत होऊन आला असता तर कोणाला कळलंच नसतं की तो तोच आहे. यावर मी बोटीत परत येताना बराच वेळ विचार केला, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मध्ये एक क्षण असतो, फादर सांगतात एकमेकांना शांती द्या, मग सगळे आजूबाजूला वळून हात जोडतात. आंटीने पुढच्या बाकाला हात जोडले, मागच्या बाकाला जोडले, मला आणि बायकोला जोडले, आणि मग डावीकडे एक रिकामी जागा होती तिच्याकडे बघून पटकन जोडून टाकले. मी विचारलं नाही. बायको म्हणते भिंतवालीची जागा असणार. मी म्हणतो हात उरला असेल. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

परत येताना वाटेत एक क्रूस लागतो, चुन्याने पांढरा केलेला, झेंडूच्या माळा. मुंबईच्या गावठाणांत असे खूप आहेत, बरेचसे १८९६ च्या प्लेगच्या वेळी लोकांनी उभे केलेले. मे महिन्यात रोज संध्याकाळी इथे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असते, तेव्हा यायचं म्हणाली आंटी, शेवटी चणे वाटतात. हे तिने आध्यात्मिक कारण म्हणूनच सांगितलं असं मला वाटतं.

मग नाश्ता, आणि इथे मी पुन्हा हळवा होणार आहे. फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, रात्रभर आंबवलेलं सैल पीठ, मुठीत धरून अंगठ्याच्या वरून पिळून तेलात सोडायचं, गोल गोल फुगून वर येतं, आतून पोकळ आणि मऊ. मी आंटीला म्हटलं भिंतीवर लिहिलंय प्रीती फुगत नाही. ती म्हणाली म्हणून तर खायला फुगे करावं लागतात. सोबत सोरपोटेल, गुरुवारी करून ठेवलेलं, कारण ते मुरलं पाहिजे, डुकराचं मटण, काळीज, व्हिनेगर आणि तोच मसाला. बायको डुकराचं खात नाही, तिच्यासाठी न सांगता बटाट्याचं वेगळं केलेलं होतं. बुकिंगच्या वेळी फोनवर मी एकदाच बोललो होतो ते, पंधरा दिवसांपूर्वी.

पैशाचं सांगतो, दोघांचे दोन दिवस सगळ्या जेवणासकट साडेपाच हजार. कॅश न्या, जीपे आहे पण ते मुलाच्या नावाने, आणि मुलगा दुबईला हे मी सांगितलंच. मसाल्याच्या बाटल्या वेगळ्या. मी दोन घेतल्या. बायकोने दुसरी कोणाला म्हणून विचारलं, मी म्हटलं ठेव बॅगेत.

निघायच्या आधी साडेबारा वाजले. कामवाली पोरगी रविवारी येत नाही, त्या दिवशी डबा अंकल मागच्या वाटेने फिरून नेतात, पण त्यांचा गुडघा दुखत होता. आंटीने माझ्याकडे बघितलं. मी गेलो. भिंतीच्या पलीकडे पोचायला पूर्ण गल्ली फिरून जायला लागतं, चार मिनिटं. म्हातारी खिडकीशी खाटेवर बसलेली, बारीकशी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माझ्याकडे संशयाने बघून म्हणाली, तू कोन, वकील काय? मी म्हटलं नाही, पाहुणा आहे. तिने डबा माझ्यासमोरच उघडला, सोरपोटेल बोटावर घेऊन चाखलं, डोळे मिटून जरा वेळ बसली. मला वाटलं आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार.

"मीठ जास्त झालंय. जाऊन सांग तिला."

आता हे पोचवायचं की नाही असा विचार करत मी चार मिनिटं परत चालत आलो, आणि पोचवलं, कारण न पोचवणं म्हणजे मध्ये आपली एक वेगळी भिंत घालण्यासारखं झालं असतं. आंटी मसाल्याची बाटली भरत होती. काठी थांबली नाही.

"तिला बीपी हाय," ती म्हणाली, "तिचं मी गुरुवारीच वेगळं काढलं होतं, मीठ घालायच्या आदी. त्यात मीठ घातलंच नाय."

आमच्या वाटणीच्या सोरपोटेलमध्ये मीठ बरोबर होतं, हे मी अधिकृतपणे नोंदवून ठेवतो.